शील्ड्सच्या रेषेखालची वाळू का हलते?

प्रश्न थोडक्यात असा. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी 30 सेंटिमीटर रुंदीच्या फ्ल्यूममध्ये (प्रयोगशाळेतल्या काचेच्या बाजूंच्या पाटात) 0.8 मिलिमीटरची चाळलेली वाळू सपाट अंथरली आहे. पाण्याची खोली 15 सेंटिमीटर. कोणता कण किती ताणाला हलू लागतो ते शील्ड्सचा आलेख एका रेषेनं दाखवतो. त्यावरून ही वाळू हलायला जेवढा शिअर स्ट्रेस, म्हणजे पाण्याचा तळाला ओढणारा ताण, लागतो, त्याच्या पाऊणपटच ताण तळावर आहे. तरीही कण हलताना दिसतात. सगळे नाही, मध्येच एका जागचे पाच-दहा कण एकदम सुटतात, थोडं पुढं जाऊन थांबतात, मग काही सेकंद सगळं शांत. गाईड म्हणतात, मोजमाप चुकलंय. विचारणाऱ्याला दोन गोष्टी हव्या आहेत: चूक नक्की कुठं आहे, आणि तळावरचा कण मुळात हलतो कसा?

गाईडचं म्हणणं अगदीच चूक असेल असं नाही, त्याकडं नंतर येतो. पण डोळ्यांना जे दिसतंय ते खरं आहे. उलट असं दिसलं नसतं तर मला शंका आली असती.

आधी एका कणाचा हिशेब मांडू. कारण या विषयात आपण ताण, वेग, उतार हे सगळं इतकं सरासरीत बोलतो की तळाशी बसलेला तो एक कण विसरूनच जातो.

0.8 मिलिमीटरचा क्वार्ट्झचा कण गोल धरला तर त्याचं वस्तुमान साधारण 0.7 मिलिग्रॅम भरतं. पाण्यात बुडाल्यावर त्याचं वजन 0.44 मिलिग्रॅमइतकंच उरतं. पाण्यानं याला हलवायचं आहे. तळावरचा ताण कणाच्या बुडालेल्या वजनाच्या मानानं किती, हे सांगणारा शील्ड्सचा अंक या वाळूसाठी 0.03 च्या आसपास येतो, म्हणजे तळावर 0.4 पास्कल ताण लागतो. तुमच्याकडं 0.3 पास्कल आहे. तेव्हाचा घर्षणवेग, म्हणजे तळाचा ताण वेगाच्या मापात मांडलेला, ज्याला आपण यू-स्टार म्हणतो, तो सेकंदाला 1.7 सेंटिमीटर. फ्ल्यूममध्ये पाण्याचा सरासरी वेग जवळजवळ 30 सेंटिमीटर असेल, पण कणाच्या उंचीवर तेवढा वेग नसतो. तिथं यू-स्टारच्या पाचपट धरा, म्हणजे सेकंदाला 8–9 सेंटिमीटर.

या वेगानं शेजाऱ्यांच्या वर डोकं काढून बसलेल्या कणावर किती जोर पडतो? ड्रॅगचं नेहमीचं सूत्र लावून बघा. उत्तर कणाच्या बुडालेल्या वजनाच्या साधारण निम्मं येतं. आणि अशा उघड्या कणाला पुढच्या कणावरून उलटून जायला किती जोर लागतो? त्याची बैठक किती खोल आहे त्यावर ते ठरतं, पण निम्म्या वजनाहून थोडा जास्त ते पूर्ण वजनाएवढा. म्हणजे सरासरी वेगाला कण हलत नाही. शील्ड्सही तेच सांगतो.

मात्र पाणी सरासरी वेगानं वाहत नाही. तळाजवळ वेगाचे चढउतार फार मोठे असतात. वेगाचं मानक विचलन यू-स्टारच्या दोनपट किंवा त्याहून जास्त असतं. सरासरीच पाचपट असल्यामुळं हे चढउतार सरासरीच्या चाळीस टक्क्यांच्या घरात जातात. आणि जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग 1.4 पट झाला की जोर जवळजवळ दुप्पट, म्हणजे निम्म्या वजनाचा थेट पूर्ण वजनाएवढा. 1.4 पट वेग ही कधीतरी घडणारी अघटित घटना नाही; साध्या घंटाकृती वितरणानंही एकूण वेळेच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास वेग त्याहून जास्त असतो.

इथं लगेच उलटा प्रश्न येतो: मग सगळेच उघडे कण सतत का पळत नाहीत? खरी गंमत इथंच सुरू होते.

चिखलात रुतलेला टेम्पो ढकलताना हे कळतं. चार माणसांनी एक जोरदार धक्का दिला, चाक खड्ड्याच्या काठापर्यंत चढलं आणि जोर संपला, तर टेम्पो परत खाली. जोर तेवढाच, पण दोन सेकंद टिकला तर चाक काठ ओलांडतं. कणाचंही तसंच. तो आपल्या बैठकीतून उचलला जाऊन पुढच्या कणाच्या माथ्यापलीकडं जाईपर्यंत जोर टिकायला हवा. आपल्या कणासाठी मी ढोबळ हिशेब केला: वजनाच्या पाव हिश्श्याएवढा जोर शिल्लक राहिला, तर काठ ओलांडायला साधारण दोन शतांश सेकंद लागतात. पापणी लवते त्याहून कमी. पण तळाजवळच्या झोतांचं आयुष्यही याच मापाचं असतं. कित्येक झोत त्याआधीच विरतात. तेव्हा कण जागच्या जागी डुलतो आणि परत बसतो. हाय-स्पीड कॅमेरा असेल तर मुद्दाम पाहा. हलण्याआधी कण अनेकदा नुसता डुलतो. मला स्वतःला तळाचं हे डुलणं वाहण्यापेक्षाही जास्त आवडतं. वाऱ्यानं शेत हलावं तसं दिसतं.

ही गोष्ट 2008 साली डिप्लास आणि सहकाऱ्यांनी सायन्स या नियतकालिकात नेटकेपणानं दाखवली. पोलादी गोळा बैठकीत ठेवून विद्युतचुंबकानं त्यावर हवा तेवढा जोर हव्या तेवढ्या वेळासाठी लावला. जोर नुसता मोठा असून भागलं नाही. जोर गुणिले वेळ, म्हणजे बलाचा आवेग, एका मर्यादेपलीकडं गेला तरच गोळा सुटला. क्षणभराचा मोठा जोर आणि जरा जास्त टिकणारा मध्यम जोर, दोन्हींनी तेच काम झालं.

आता तुमच्या निरीक्षणातला दुसरा भाग: एकदम पाच-दहा कण, मग काही सेकंद शांतता. हे का? कारण हे झोत कुठंही, कधीही येत नाहीत. त्यांना आकार असतो, अंतर असतं, साधारण ताल असतो.

1967 मध्ये स्टॅनफर्डच्या क्लाईन आणि सहकाऱ्यांनी पाण्यात हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सोडून दाखवलं की भिंतीलगत पाणी सारख्या वेगानं सरकत नाही. प्रवाहाच्या दिशेनं जलद आणि संथ पाण्याच्या लांबट पट्ट्या पडतात, नांगरलेल्या सऱ्यांसारख्या. दोन संथ पट्ट्यांमधलं अंतर पाण्याच्या श्यानतेला (चिकटपणाला) यू-स्टारनं भागून आलेल्या लांबीच्या साधारण शंभरपट असतं. तुमचे आकडे घाला: जवळजवळ 6 मिलिमीटर. पट्टीची लांबी त्याच्या दहापट धरा, 6 सेंटिमीटर. म्हणजे एखादी जलद पट्टी तळावर आपटली तर तिच्या रुंदीत चार-सात कण येतील. तुम्ही पाहिलेल्या झुबक्याचं माप याच घरातलं आहे. तुमचा तळ पूर्ण गुळगुळीत नाही. श्यान थर जेमतेम 0.3 मिलिमीटरचा आणि कण 0.8 चा, तेव्हा कण त्यातून वर डोकावतो आणि या पट्ट्या थोड्या मोडतात. पण मिटत नाहीत.

संथ पट्टी मध्येच तळापासून सुटून वर उसळते, आणि तिची जागा घ्यायला वरचं वेगवान पाणी तिरकं खाली झडप घालतं. इंग्रजी संज्ञा इजेक्शन आणि स्वीप. मी उसळी आणि झडप म्हणतो. या घडामोडी किती वेळानं येतात याचं उत्तर शोधणारं एक महत्त्वाचं काम आपल्याच देशात झालं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, नरसिंह आणि बद्री नारायणन यांनी 1971 मध्ये दाखवलं की हा ताल भिंतीजवळच्या सूक्ष्म मापांवर ठरत नाही, पूर्ण प्रवाहाच्या जाडीवर आणि वेगावर ठरतो. जाडीला वेगानं भागा आणि पाच-सहानं गुणा. तुमच्याकडं 15 सेंटिमीटर आणि सेकंदाला 30 सेंटिमीटर: अडीच-तीन सेकंद. तुम्ही “काही सेकंद शांत” असं लिहिलंत, ते घड्याळ लावून मोजलंत तर किती येतं हे मला कळवा. नदीत खोली 3 मीटर असली की हाच ताल दहा-पंधरा सेकंदांवर जातो. पुलावर उभं राहून पाहिलं तर पृष्ठभागावर फुगून येणारे ते गढूळ फुगवटे दिसतात ना, भाताला उकळी आल्यासारखे, ते या मोठ्या उसळ्यांचंच वरचं टोक.

इथं एक सापळा आहे आणि बरेच विद्यार्थी त्यात अडकतात. एडीव्ही (ध्वनिलहरींनी पाण्याचा वेग मोजणारं उपकरण) लावायचा, वेगाचे चढउतार घ्यायचे, रेनॉल्ड्स ताण काढायचा आणि म्हणायचं, हा ताण जास्त तिथं वाळू जास्त हलते. ऐकायला बरोबर वाटतं. पण रेनॉल्ड्स ताण हा आडव्या आणि उभ्या चढउतारांचा गुणाकार आहे. पाणी जलद आणि खाली जाणारं असेल, झडप, तर ताणात भर पडते. संथ आणि वर जाणारं, उसळी, तरीही भर पडते. जलद आणि वर जाणारं असेल तर मात्र ताण वजा होतो. कणाला याचं काय? त्याला समोरून जलद पाणी भिडलं, बस्स. ते वर जाताना भिडलं तर उलट उचलायला मदतच. नेल्सन, श्रीव्ह, मॅक्लीन आणि ड्रेक यांनी 1995 मध्ये मोजून दाखवलं की कण झडपेनं हलतात आणि या वजा खात्यातल्या घटनांनीही चांगलेच हलतात. उसळीचा ताणात वाटा मोठा, पण तेवढ्याच ताणाला ती तळावरचे कण फार कमी हलवते, कारण ते पाणी संथ असतं. उसळीचं काम दुसरं: झडपेनं सुटलेला बारीक कण वर नेऊन तरंगता ठेवणं. तेव्हा दोन ठिकाणी रेनॉल्ड्स ताण सारखा असूनही एका जागी वाळू वाहील आणि दुसरीकडं नाही. तळातल्या पायरीमागं, खांबामागं, गवताच्या झुबक्यामागं हे हमखास दिसतं.

मग शील्ड्सची ती रेषा काय आहे?

आल्बर्ट शील्ड्स हा ओहायोमधला अमेरिकन तरुण. बर्लिनच्या प्रशियन जलसंशोधन संस्थेत त्यानं काम केलं आणि 1936 मध्ये प्रबंध दिला. एकाच पदार्थाचे कण नाहीत; बराइट, लिग्नाइट, अंबर असे हलके-भारी पदार्थ वापरले. मायदेशी परतल्यावर गाळाच्या कामात त्याला नोकरी मिळाली नाही, आणि आयुष्यभर त्यानं पुठ्ठ्याची खोकी बनवणारी यंत्रं घडवली. आपल्या नावाचा आलेख जगभर भिंतींवर लागला याचा त्याला उशिरापर्यंत पत्ता नव्हता असं सांगतात. मुद्दा असा की त्यानं आपल्या बिंदूंवर रेषा काढली नव्हती, जाड पट्टा काढला होता. तो पट्टा पुसून त्याजागी एक बारीक रेष आली ती नंतर, हंटर राउज यांच्या हातून. पाठ्यपुस्तकांना रेषा सोयीची पडली आणि पट्टा विस्मरणात गेला. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात महागात पडलेलं रेखांकन हेच.

पुढं 1997 मध्ये बफिंग्टन आणि माँटगोमेरी यांनी आठ दशकांचे प्रयोग एकत्र चाळले. खडबडीत तळासाठी हा अंक डोळ्यांनी ठरवला तर 0.03 ते 0.073, आणि ठरावीक अत्यल्प वहनावरून मागं हिशेब करून काढला तर 0.052 ते 0.086. “हलायला लागली” म्हणजे काय, याची व्याख्या बदलली की उत्तर दुप्पट-अडीचपट बदलतं. क्रेमरनं 1935 मध्येच “थोडी हालचाल, मध्यम हालचाल, सर्वत्र हालचाल” अशा पायऱ्या केल्या होत्या. त्यात प्रामाणिकपणा जास्त होता.

याच संदर्भात माझ्यावर बेतलेली एक गोष्ट. सुरुवातीच्या काळात आम्ही दोघं एकाच फ्ल्यूमवर पाळीपाळीनं निरीक्षण करायचो. माझे आकडे सहकाऱ्यापेक्षा सतत कमी यायचे. त्याच वाळूसाठी मला दहा टक्के कमी विसर्गालाच हालचाल दिसायची. महिनाभर पंप तपासला, नोंदी तपासल्या. मग कळलं: तो दिवसा उभ्यानं वरून बघायचा, मी रात्री काचेला नाक लावून, बाजूनं टॉर्च मारून. टॉर्चच्या तिरप्या उजेडात कणाची सावली हलते आणि तेवढं पुरतं. आमचे दोन्ही आकडे बरोबर होते आणि दोन्ही निरुपयोगी, कारण कुणीच लिहून ठेवलं नव्हतं की किती जागेत, किती वेळात, किती कण.

यावरचा उत्तम विचार ग्रास यांनी 1970 मध्ये मांडला. दोन वितरणं कल्पा. एक पाण्याच्या क्षणिक ताणाचं: कधी कमी, कधी जास्त. दुसरं कणांच्या हट्टाचं: एक कण खोल बैठकीत, दुसरा शेजाऱ्यांच्या डोक्यावर, तिसऱ्याच्या पाठीशी मोठा कण आडोशाला. दोन्ही डोंगरांसारखी वितरणं एकमेकांत जिथं शिरतात, तेवढ्या भागापुरती वाळू हलते. विसर्ग वाढवला की पाण्याचा डोंगर उजवीकडं सरकतो आणि शिरकाव वाढतो. आरंभबिंदू म्हणजे शिरकाव किती झाला की आपण “हलली” म्हणायचं याचा करार. दोन्ही डोंगरांना लांब शेपट्या असल्यामुळं शिरकाव कधीच पूर्ण शून्य होत नाही. पेंटल यांनी 1971 मध्ये फार कमी ताणांवर तासन्‌तास थांबून वहन मोजलं, तेव्हा ते ताणाच्या सोळाव्या घातानं बदलतं असं निघालं. सोळावा घात म्हणजे ताण दहा टक्क्यांनी वाढला की वहन साडेचारपट. इतक्या उभ्या चढावर कुठंतरी बोट ठेवून “इथं सुरू झालं” म्हणणं शेवटी आपल्या मर्जीवरच ठरतं.

सुटलेल्या कणाचं पुढं काय होतं हेही पाहू, कारण प्रश्नात तोही भाग आहे.

आपला कण पहिल्यांदा उलटतो, शेजाऱ्यावरून घरंगळतो, आणि त्याच वेळी वरच्या जलद पाण्यात डोकं काढतो. त्याला आणखी ओढ लागते. पुढच्या कणाच्या उताराला आपटून तो उडी घेतो. यालाच सॉल्टेशन म्हणतात, टप्पे घेत जाणं. वाऱ्यातले टप्पे आणि पाण्यातले टप्पे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाऱ्यानं वाहणाऱ्या वाळूचे अभ्यासक बॅगनॉल्ड यांनी लिबियाच्या वाळवंटात जे पाहिलं, तिथं वाळूचा कण हवेच्या दोन हजारपटींहून जड. तो जोरात येऊन आपटतो आणि आपल्याबरोबर आणखी पाच-सात कण उडवतो. पाण्यात कण पाण्याच्या फक्त 2.65 पट जड. आपटण्याआधीच मधलं पाणी गादीसारखं दबतं आणि धक्का पिऊन टाकतं. म्हणून पाण्यात कणाची उडी त्याच्या व्यासाच्या दोन-चारपट उंच आणि दहा-वीस व्यास लांब एवढीच. शेजारी उडवण्यापेक्षा शेजारी नुसता सरकवला किंवा उघडा पडला, असं जास्त घडतं. झुबक्यात कण सुटण्याचं हेही एक कारण: पहिल्याची बैठक रिकामी झाली की तिच्या मागचा आपोआप उघडा पडतो.

चालू असताना कणाचा वेग किती? फर्नांडेझ लूक आणि फान बेक यांच्या 1976 च्या मोजमापावरून आरंभाजवळ यू-स्टारच्या तीन-साडेतीनपट. तुमच्या वाळूसाठी सेकंदाला 6–7 सेंटिमीटर. वरून 30 सेंटिमीटरनं पाणी चाललंय आणि खाली कण त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यानं. आणि हा फक्त चालण्याचा वेग. बहुतेक वेळ तर कण बसलेलाच असतो. हान्स आल्बर्ट आइनस्टाइन, थोरल्या आइनस्टाइनांचे चिरंजीव, यांनी 1937 मध्ये झुरिचच्या प्रबंधात हीच गोष्ट मध्यवर्ती धरली: कणाचं आयुष्य म्हणजे छोटी पावलं आणि लांब विसावे, आणि दोन्ही योगायोगाच्या नियमांनी ठरतात. पुढं 1950 मध्ये त्यांनी एका पावलाची लांबी साधारण शंभर व्यास धरली, म्हणजे तुमच्या वाळूला 8 सेंटिमीटर. ताण जसा वाढतो तसं पाऊल लांबतं, हे आता माहीत आहे, पण विसावा मध्यवर्ती धरण्याची ती दृष्टी आजही मला सगळ्यात खरी वाटते.

तरंगण्याची काळजी तुमच्या प्रयोगात करू नका. 0.8 मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला 10 सेंटिमीटरच्या आसपास खाली बसतो. त्याला वर धरून ठेवायला यू-स्टार त्या मापाचा हवा. तुमचा त्याच्या सहाव्या हिश्श्याचा आहे.

बेडलोडची, म्हणजे तळालगत वाहणाऱ्या गाळाची, सूत्रं या सगळ्या गोंधळावर पांघरूण घालतात. झुरिचच्याच मायर-पीटर आणि म्यूलर यांचं 1948 चं सूत्र सगळ्यांना पाठ असतं, गुणांक 8 आणि आरंभ 0.047. वाँग आणि पार्कर यांनी 2006 मध्ये त्यांचीच मूळ माहिती परत तपासली, तेव्हा तळाच्या ताणातली एक अनावश्यक दुरुस्ती काढल्यावर गुणांक 3.97 निघाला, म्हणजे निम्म्यावर. सहा दशकं जग दुप्पट उत्तर वापरत होतं आणि फार कुणाचं काही अडलं नाही. यावरून या सूत्रांच्या अचूकतेचा अंदाज घ्या.

आता गाईडचं म्हणणं. 30 रुंद आणि 15 खोल, म्हणजे रुंदी खोलीच्या दुप्पटच. इथं जलीय त्रिज्या (प्रवाहाच्या छेदाचं क्षेत्रफळ भागिले तळ आणि काचा मिळून ओली लांबी) 7.5 सेंटिमीटर येते, खोलीच्या निम्मी. तळाचा ताण काढताना तुम्ही खोली वापरलीत की त्रिज्या? प्रश्नात हे लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. त्रिज्या वापरली असेल तर तो ताण तळ आणि दोन्ही काचा यांची सरासरी आहे. काच वाळूपेक्षा गुळगुळीत, म्हणून तिच्या वाट्याला कमी ताण येतो आणि तळाच्या वाट्याला जास्त. तुमचा 0.3 पास्कल प्रत्यक्षात मधोमध 0.4 किंवा त्याहून जास्त असू शकेल. खोली वापरली असेल तर उलट: तो आकडा फुगवलेला आहे आणि तुमची वाळू खरोखरच रेषेच्या बऱ्याच खाली हलतेय. शिवाय इतक्या अरुंद फ्ल्यूममध्ये आडवे गिरक्या घेणारे प्रवाह तयार होतात. सर्वाधिक वेग पृष्ठभागावर नसून थोडा खाली सापडतो. मधल्या रेषेवर तळापासून खोलीच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत वेगाची नोंद घ्या, लॉगरेषा (तळापासूनच्या उंचीच्या लॉगरिदमबरोबर वेग वाढतो ती) बसवा आणि तिच्यावरून यू-स्टार काढा. एडीव्हीनं तळाच्या अगदी जवळ मोजू नका. त्याचं मापनक्षेत्र काही मिलिमीटर उंच असतं आणि तळाचाच प्रतिध्वनी त्यात मिसळतो. उतारावरून, लॉगरेषेवरून आणि रेनॉल्ड्स ताणाच्या रेषेवरून काढलेले तीन आकडे पंधरा-वीस टक्क्यांत जुळले तर समाधान माना.

पुलांचं काम करणाऱ्या वाचकांसाठी एक अवांतर. आपल्याकडं खांबाजवळ पाण्यानं होणारी खोल खणण आजही लेसी या अभियंत्याच्या पद्धतीनं काढतात. सिल्ट फॅक्टर, गाळाचा जाडेपणा सांगणारा अंक, म्हणजे 1.76 गुणिले मिलिमीटरमधल्या व्यासाचं वर्गमूळ. त्यावरून सरासरी खणण, आणि खांबाशी तिच्या दुप्पट. लेसीचं मूळ काम कालव्यांच्या नोंदींवर उभं आहे. दुप्पट करण्यामागं मात्र नद्यांवरच्या पुलांचा अनुभव आहे, आणि पुण्याजवळ खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात बसून इंग्लिस यांनी त्यावर बरंच काम केलं. त्या “दोन”च्या आकड्यात खांबाच्या पायाशी फिरणारा घोड्याच्या नालेच्या आकाराचा भोवरा दडलेला आहे. गुहागरला किंवा आंजर्ल्याला लाट परतताना पाण्यात उभे राहा; टाचेखालची वाळू निसटते आणि पाय रुततो, तेच. समुद्राचं पाणी तिथं काही अचाट वेगानं गेलेलं नसतं. पण पायाशी ते खाली वळतं, गिरकी घेतं, आणि क्षणिक ताण आसपासच्या कितीतरी पट होतो. म्हणून खांबाशी खणण सुरू होते तेव्हा वरच्या बाजूच्या नदीचा वेग वाळू हलवणाऱ्या वेगाच्या निम्म्याच्या आसपासच असतो. सरासरी ताणाचा हिशेब तिथं सरळ सांगेल की काही होणार नाही.

परत तुमच्या फ्ल्यूमकडं. दोन गोष्टी करून पाहा. पहिली, तळ पट्टीनं सपाट केल्याकेल्या मोजू नका. ताज्या तळावर कित्येक कण नुसते टेकलेले असतात, आणि पहिल्या झडपेला तेच सुटतात. मी साधारण निम्म्या ताणावर दोन-तीन तास पाणी सोडून ठेवतो. मग सैल कण आपापल्या बैठका शोधतात आणि तुमचा 0.3 पास्कलचा ताण परत लावला की हालचाल बरीच कमी दिसते. नदीतही पुरानंतर बराच काळ कमी पाणी वाहिलं की तळ असाच हट्टी होतो. दुसरी, “हलली” हा शब्द वहीतून काढून टाका. तळाचा 10 बाय 10 सेंटिमीटरचा चौकोन निवडा, वरून कॅमेरा लावा, आणि दर मिनिटाला किती कण जागा सोडतात ते मोजा. वेगवेगळ्या सहा-सात विसर्गांवर मोजा, लॉग आलेखावर मांडा. उभा चढ दिसेल. त्यावर तुम्ही आणि गाईड मिळून एक आकडा ठरवा, आणि तो का ठरवला हे प्रबंधात लिहा.

आणि व्हिडिओ गाईडना दाखवताना सुरुवातीची पंधरा मिनिटं कापू नका. कणांची संख्या दर मिनिटाला उतरत जाते ते तिथंच दिसतं; सैल कण आपापल्या बैठका शोधत असल्याची ती खूण.